नर्मदेची पायी परिक्रमा: निघण्यापूर्वी आणि वाटेवर

नर्मदेची परिक्रमा म्हणजे नदीचा प्रवाह न ओलांडता, नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही तटांनी घातलेली पूर्ण प्रदक्षिणा. मध्य प्रदेशातल्या अनूपपूर जिल्ह्यात, अमरकंटक येथे, हजार मीटरांहून अधिक उंचीवर ही नदी उगम पावते. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खोऱ्यातून १३१२ किलोमीटर वाहत ती भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही तटांची बेरीज सव्वीसशे किलोमीटरांच्या वर जाते. प्रत्यक्षात पायवाटा, डोंगरांचे वळसे आणि धरणांमुळे पडणारे फेरे धरले तर चालणे तीन हजार किलोमीटरांच्या पुढे जाते.

शास्त्रोक्त परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची सांगितली आहे. तीत दर चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा असतो. आज बहुतेक पदयात्री चातुर्मासानंतर निघून पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण साडेचार ते सहा महिन्यांत परिक्रमा पूर्ण करतात. नोकरी किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे सलग वेळ मिळत नाही, ते टप्प्याटप्प्यानेही चालतात. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, अशीच खंडित पदयात्रा सुरू केली आणि तिच्यावर हिंदी व गुजरातीत पुस्तके लिहिली. मराठी वाचकाला ही वाट गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मुळे परिचयाची झाली. मात्र ही पुस्तके वाचून मनात जे चित्र उभे राहते, त्यातला बराचसा काठ आता धरणांच्या पाण्याखाली गेला आहे. म्हणून तयारी आजच्या वाटेची करावी.

निघण्याचा काळ आणि जागा

परिक्रमा ‘उचलण्याचा’ सर्वमान्य काळ कार्तिकी एकादशीनंतरचा आहे. पाऊस थांबलेला असतो, उपनद्या उतरलेल्या असतात, वाटा वाळलेल्या असतात. सुरुवात तटावरच्या कोणत्याही ठिकाणाहून करता येते. ओंकारेश्वर आणि अमरकंटक ही त्यातली मुख्य. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना ओंकारेश्वर सोयीचे पडते, कारण मुंबई–भुसावळ–इटारसी लोहमार्गावरच्या खांडव्याहून तिथे रस्त्याने सहज पोहोचता येते. या निवडीचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नोव्हेंबरच्या मध्याला ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालेला माणूस शूलपाणीची झाडी थंडीत पार करतो, डिसेंबरअखेर समुद्र गाठतो, जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर तटाने चालतो आणि अमरकंटकच्या पठारावर कडाक्याची थंडी ओसरल्यावर पोहोचतो. उलट अमरकंटकहून नोव्हेंबरात निघणाऱ्याला पहिल्याच आठवड्यांत पठारावरची गोठवणारी पहाट सोसावी लागते.

ओंकारेश्वराहून निघण्यातली एक अट मात्र आधी समजून घ्यावी. ज्योतिर्लिंगाचे मंदिर नदीच्या मधोमध मांधाता बेटावर आहे. संकल्प सोडल्यानंतर तिथे जाणे म्हणजे प्रवाह ओलांडणे. त्यामुळे दर्शन संकल्पाआधी करावे. परिक्रमा चालू असताना दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचेच दर्शन घेतात आणि बेटावर पुन्हा पाऊल ठेवतात ते सांगतेच्या वेळी.

संकल्पाचा विधी साधा आहे: स्नान, नर्मदापूजन, लहान बाटलीत नदीचे जल भरून घेणे, कन्यापूजन आणि शिऱ्याच्या प्रसादाची ‘कढई’. ही बाटली शेवटपर्यंत बरोबर राहते आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिचीच पूजा होते. बाटली झिरपणारी किंवा काचेची नको. झाकण घट्ट बसणारी धातूची किंवा जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी. ओंकारेश्वरात स्थानिक नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचा दाखला मिळतो. तो, आधार कार्ड आणि काही छायाचित्रे पाण्यापासून सुरक्षित पिशवीत ठेवावीत. बऱ्याच आश्रमांत मुक्कामाआधी ओळखपत्र पाहतात, नोंदवहीत नाव लिहून घेतात आणि यात्रेकरूच्या वहीत शिक्का देतात. घरच्यांना शोध घेण्याची वेळ आली तर या नोंदी फार उपयोगी पडतात, म्हणून त्यांचा कंटाळा करू नये.

पाय

परिक्रमा अर्धवट राहण्याची कारणे पाहिली तर पहिल्या पंधरवड्यातल्या पायांच्या तक्रारी सर्वांत पुढे दिसतात. त्या टाळण्याचे काम घरीच, निघण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू होते. रोज पाच किलोमीटरांपासून आरंभ करून हळूहळू अंतर वाढवावे. शेवटच्या महिन्यात पाठीवर खरे ओझे घेऊन लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चालून पाहावे. एका दिवसाचे लांब चालणे फारसे काही शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकणाऱ्या पोटऱ्यांनी पुन्हा उठून चालता येते का, हीच खरी चाचणी आहे. सरावात डांबरी रस्ता, शेतातली पायवाट आणि चढ-उतार असे तिन्ही असावेत. ज्यांना सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय आहे, त्यांना चढ जड जात नाही. सपाट डांबरावर सलग तासन्‌तास चालण्याने नडगीचा पुढचा भाग आणि टाचेची शीर दुखते, तेव्हा मात्र त्यांचीही परीक्षा होते.

बूट नवे घेऊन निघू नये. निदान दोनशे किलोमीटर वापरलेले, नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या मापाने मोठे आणि वजनाला हलके बूट चांगले, कारण रोजच्या चालण्याने पाय सुजतो. तीन हजार किलोमीटरांत एक जोड पुरत नाही. दुसरा जोड बरोबर वाहण्याऐवजी भरूच किंवा जबलपूरसारख्या शहरात विकत घ्यावा. संध्याकाळसाठी हलक्या चपला ठेवाव्यात. मोज्यांचे तीन जोड असावेत, म्हणजे दर दोन-तीन तासांनी ओलसर मोजे बदलून पिशवीवर वाळत टाकता येतात. सकाळी निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिन लावल्याने घर्षण कमी होते. कातडी चुरचुरू लागली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावावी. पुढच्या गावापर्यंत ढकलले तर त्याचा फोड होतोच. फोड आलाच तर वरचे कातडे सोलून काढू नये. सुई निर्जंतुक करून कडेला लहान छिद्र पाडावे, पाणी दाबून काढावे, जंतुनाशक मलम लावून पट्टी बांधावी.

अनवाणी चालण्याची परंपरा आहे आणि ती निष्ठेने पाळणारे आजही भेटतात. परंतु जुन्या परिक्रमेत पायाखाली वाळू, गवत आणि शेतातली माती असे. आज मोठा भाग डांबर, खडी आणि काचेचे तुकडे पडलेल्या रस्त्यांचा आहे. ज्याला वर्षानुवर्षे अनवाणी चालण्याचा सराव नाही, त्याने ऐनवेळी हा नियम अंगावर घेऊ नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर कधीच नाही. त्यांनी रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे तपासावेत, कारण जखम झालेली त्यांना कळत नाही.

ओझे

पाण्याशिवाय पिशवीचे वजन सहा-सात किलोंच्या आत ठेवावे. अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, एक लोकरीची टोपी, एक स्वेटर, हलकी चादर किंवा पातळ झोपण्याची पिशवी, खाली अंथरायला प्लास्टिकचा तुकडा, एकट्याची मच्छरदाणी, पंचा, ताट, पेला, बॅटरी, दोरी, लहान चाकू, शिट्टी आणि औषधे एवढ्यात भागते. रेनकोटऐवजी पिशवीसकट अंग झाकणारे मेणकापड जास्त उपयोगी पडते. हातातली काठी उतारावर गुडघ्यांचा भार घेते, ओढ्यात खोली तपासते आणि वस्तीवरची कुत्री लांब ठेवते, म्हणून ती शोभेची समजू नये. बहुतेक लोक पहिल्या आठवड्यातच दोन-तीन किलो सामान वाटेवरच्या आश्रमात सोडून देतात किंवा टपालाने घरी पाठवतात. ‘लागलं तर असावं’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू शेवटी पाठीलाच सोसावी लागते.

दिवसाचा क्रम

लांब पल्ल्याच्या चालण्यात वेगापेक्षा थांबण्याचा निर्णय महत्त्वाचा असतो. रोज कुठे थांबायचे, दुपारी किती वेळ टेकायचे, कोणत्या दिवशी अजिबात चालायचे नाही, हे ज्याला जमते तो समुद्र आणि उगम दोन्ही पाहतो. दिवसाला सरासरी वीस ते पंचवीस किलोमीटर हे निरोगी माणसाला झेपणारे अंतर आहे. पहिल्या दहा दिवसांत ते पंधरापर्यंतच ठेवावे, मग अंगात कितीही उत्साह असो.

दिवस पहाटे सुरू होतो. स्नान, पूजा आटोपून उजाडताच निघावे. उन्हे चढेपर्यंत दिवसातले दोन-तृतीयांश अंतर कापून व्हावे. साडेदहा-अकराच्या सुमारास आश्रम, मंदिर किंवा एखादे घर गाठले तर भोजनप्रसादी मिळते. बाराच्या पुढे पोहोचणाऱ्यासाठी पुन्हा चूल पेटवावी लागते आणि तो भार त्या घरच्या बाईवर पडतो. दुपारी दोन-तीन तास पाय उंचावर ठेवून पडावे. उरलेले अंतर चारनंतर चालून सूर्यास्ताच्या आत ‘आसन लावावे’, म्हणजे मुक्कामाची जागा घेऊन अंथरूण टाकावे. अंधारात चालणे परिक्रमेच्या नियमात बसत नाही आणि त्यामागचे व्यावहारिक कारण उघड आहे: साप, विहिरी, कुत्री आणि भरधाव ट्रॅक्टर.

मुक्कामाला पोहोचल्यावर ‘नर्मदे हर’ म्हणून जागा दाखवली जाईपर्यंत थांबावे. पुरुष परिक्रमावासीला काठावर ‘महाराज’ किंवा ‘बाबाजी’ म्हणतात, स्त्रीला ‘माताराम’ किंवा ‘मैया’. ही हाक त्या वेषाला दिलेली असते आणि ऐकणाऱ्याने ती नम्रतेने घ्यावी. आपले ताट आपण घासावे, जागा झाडून निघावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा आणि तो कपडे धुणे, शिवणटिपण, घरी फोन यांसाठी वापरावा.

डांबरी रस्त्यावरून जाताना उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसत राहतात. पिशवीच्या मागे चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. धुक्याच्या सकाळी, विशेषतः माळवा-निमाडच्या महामार्गांवर, तिचा उपयोग होतो.

अन्न आणि पाणी

काठावर दोन पद्धतींनी अन्न मिळते. अन्नक्षेत्रात किंवा आश्रमात शिजलेले जेवण मिळते. काही ठिकाणी ‘सदावर्त’ म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा देतात आणि तो स्वतः शिजवायचा असतो. म्हणून निदान खिचडी आणि जाड भाकरीसारखे ‘टिक्कड’ करता यायला हवे. एकाच दिवसाच्या गरजेइतका शिधा घ्यावा, साठवू नये, हा जुना नियम पाठीच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे. जेवण बहुधा पोळी, डाळ-भात, खिचडी, मक्याची किंवा ज्वारीची भाकरी असे असते. पोट भरते, पण महिनाभरानंतर प्रथिनांची उणीव जाणवू लागते. फुटाणे, शेंगदाणे आणि सातू जवळ ठेवून रोज मूठभर खावे. वाटेत दहा ठिकाणी चहाचा आग्रह होतो आणि त्यात साखर भरपूर असते. मधुमेहींनी आपली स्थिती मोकळेपणाने सांगावी, कोणी मनाला लावून घेत नाही.

नर्मदाजलावरची श्रद्धा मोठी आहे. तरीही शहरांच्या खाली, धरणांच्या साचलेल्या पाण्याजवळ आणि कारखान्यांच्या पट्ट्यात नदीचे पाणी तसेच पिऊ नये. गावातला हातपंप किंवा नळ पाहावा. शंका असेल तिथे क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे किंवा पाणी उकळावे. जवळ कायम दोन लिटर पाणी असावे. उन्हाळ्यात ओआरएसची पाकिटे दररोज लागतात, कारण नुसते पाणी पीत राहिल्याने घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही. नदीत साबण लावून अंघोळ किंवा कपडे धुणे वर्ज्य आहे. हा नियम काठावरचे लोक आस्थेने पाळतात आणि पाहुण्याने तर तो मोडूच नये.

शूलपाणीची झाडी

ओंकारेश्वराहून निघाल्यावर पहिला आठवडा निमाडच्या सपाट, सुपीक शेतांतून जातो. सनावदजवळ नदीकाठी रावेरखेडी आहे. थोरल्या बाजीराव पेशव्यांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी इथे झाला आणि त्यांची समाधी इथेच आहे. मराठी यात्रेकरूने हा थांबा चुकवू नये. पुढे बडवानी येते आणि तिथून वाटेचा स्वभाव पालटतो.

बडवानीच्या राजघाटापासून पश्चिमेला सातपुड्याच्या डोंगरांचा जो सलग पट्टा नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातपर्यंत जातो, त्याला शूलपाणीची झाडी म्हणतात. इथे भिल, पावरा समाजाची विखुरलेली वस्ती आहे. जुन्या वर्णनांत या पट्ट्यात यात्रेकरूंना लुटले जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. ती भीती आता मागे पडली आहे. आज त्याच पाड्यांमध्ये परिक्रमावासींना घरात जागा आणि वाटणीतली भाकर मिळते. सरदार सरोवराच्या जलाशयाने मात्र काठची जुनी वाट, अनेक गावे आणि शूलपाणेश्वराचे मूळ मंदिर पोटात घेतले. नवे मंदिर गोरा येथे बांधलेले आहे.

आज दोन पर्याय आहेत. पहिला डोंगरातला: बडवानीहून पाटी, बोकराटा अशा गावांवरून चढ-उतार करत महाराष्ट्रातल्या धडगाव तालुक्यात आणि तिथून पुढे गुजरातेत. दुसरा सडकेचा: खेतिया, शहादा, तापीकाठचे प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा आणि राजपीपळा. पहिल्यात नदी अधूनमधून खाली दिसत राहते, दुसऱ्यात ती फार लांब राहते. वय, गुडघे आणि हृदय यांचा विचार करून निवड करावी. सडकेने गेल्याने परिक्रमेत उणेपण येत नाही, हे काठावरचे जाणते साधूही सांगतात.

झाडीची वाट धरणाऱ्यांनी तीन-चार जणांच्या गटाने जावे. पाड्यांतली घरे टेकड्यांवर दूरदूर असतात आणि फाटे पुष्कळ, म्हणून दर पाड्यावर पुढच्या पाड्याचे नाव विचारून घ्यावे. किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा चालत किती वेळ लागेल हे विचारावे, आणि मिळालेल्या उत्तरात निम्म्याची भर घालावी, कारण सांगणारा डोंगरात वाढलेला असतो. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी संपर्क नसतो. शेवटच्या गावाहून घरी कळवून ठेवावे की पुढचे काही दिवस फोन लागणार नाही. दोन दिवस पुरेल एवढा कोरडा खाऊ या एकाच टप्प्यात बरोबर असणे रास्त आहे. इथले यजमान स्वतः कष्टाने दिवस काढणारे आहेत. ते देतात तेवढे घ्यावे, दुसऱ्यांदा मागू नये. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटण्याची प्रथा यात्रेकरूंनी पाडली आहे. तिने वाटेवर वेष्टनांचा कचरा झाला आणि मुले हात पसरू लागली, म्हणून ती थांबवावी. काही द्यायचेच असेल तर काठावरच्या शाळेला द्यावे. मराठी परिक्रमावासी भारती ठाकूर यांनी आपल्या परिक्रमेनंतर खरगोन जिल्ह्यातल्या लेपा येथे उभारलेले ‘नर्मदालय’ हे अशा कामाचे चांगले उदाहरण आहे.

समुद्र ओलांडणे

राजपीपळ्यानंतर दक्षिण तट पुन्हा सपाट होतो. अंकलेश्वर, हांसोट करत यात्रेकरू विमलेश्वर परिसरात येतो. नदीचे पात्र इथे आखाताला मिळते आणि होडीने समोरच्या काठावर, दहेजजवळच्या मिठी तलाईला उतरायचे असते. प्रवाह न ओलांडण्याचा नियम इथे मोडत नाही, कारण ओलांडला जातो तो समुद्र.

खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. होडी भरतीच्या पाण्यावरच निघते आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कधी मध्यरात्री, कधी पहाटे निघावे लागते आणि गर्दी असेल तर एक-दोन दिवस थांबावे लागते. नाव लगेच नोंदवून शांतपणे वाट पाहावी. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेल्या होडीत चढू नये, जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि पिशवी प्लास्टिकमध्ये बांधावी. प्रवास काही तासांचा असतो आणि वारा बोचरा. मळमळ होणाऱ्यांनी आधी हलके खावे. उतरल्यावर चिखल आणि खारा पट्टा लागतो. पुढे दहेजचा औद्योगिक भाग आहे, तिथे गोड्या पाण्याची चणचण असते, म्हणून बाटल्या होडीत बसण्याआधीच भरून घ्याव्यात.

उत्तर तट

मिठी तलाईपासून तोंड पूर्वेकडे होते. भरूच, शुक्लतीर्थ, रंगावधूत महाराजांचे नारेश्वर आणि वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंब्ये स्वामींची समाधी असलेले गरुडेश्वर हा पट्टा सोयींच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा आहे. सिंधुदुर्गातल्या माणगावात १८५४ मध्ये जन्मलेल्या टेंब्ये स्वामींनी १९१४ मध्ये गरुडेश्वरी देह ठेवला. दत्तसंप्रदायी मराठी यात्रेकरू इथे एक-दोन दिवस राहतातच. शरीराला आराम देण्यासाठीही ही जागा योग्य आहे, कारण यापुढे जलाशयामुळे छोटा उदेपूर, अलीराजपूर, कुक्षी असा लांबचा फेरा पडतो.

नंतर अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर येते. तिथले घाट पाहायला सकाळची वेळ राखून ठेवावी. मंडलेश्वर, बडवाह मागे टाकल्यावर इंदिरा सागर धरणाच्या विस्तीर्ण पाण्यामुळे वाट पुन्हा काठापासून दूर जाते आणि नदीचे नाभिस्थान मानल्या जाणाऱ्या नेमावरला परत जवळ येते. पुढे बरमान, भेडाघाटचे संगमरवरी कडे, जबलपूरचा ग्वारीघाट, बरगीचा जलाशय, मंडला आणि डिंडोरी असा क्रम आहे. उपनद्या ओलांडायला हरकत नसते. पण पाणी गुडघ्यावर असेल तर उतार शोधत बसण्यापेक्षा वरच्या अंगाचा पूल गाठावा.

मंडला-डिंडोरीच्या सालवनांत वस्ती विरळ होते. वनखात्याने बंद केलेल्या वाटांवर जाऊ नये आणि दिवस मावळण्याआधी गाव गाठावे.

उगम आणि परतीचा दक्षिण तट

अमरकंटकला उगमकुंडाच्या मागून, ‘माई की बगिया’च्या बाजूने वळसा घालून यात्रेकरू दक्षिण तटावर येतो. निम्म्याहून अधिक वाट संपलेली असते आणि नेमक्या याच वेळी ऊन सुरू होते. तवा नदीचा बांद्राभान संगम, नर्मदापुरमचा सेठानी घाट आणि हंडिया हे टप्पे एप्रिल-मेमध्ये येतात. तापमान चाळिशी ओलांडते. या काळात पहाटे उजाडण्याच्या बेताला निघून दहाला थांबणे हाच एक मार्ग आहे. डोक्यावर ओला पंचा, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, वाटेत ताक आणि कैरीचे पन्हे. डोके दुखणे, मळमळ, घाम थांबणे किंवा बोलण्यात गोंधळ ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिवसाचे अंतर बारा-पंधरा किलोमीटरांवर आणले तरी पावसाआधी ओंकारेश्वर गाठता येते.

आजार आणि अपघात

निघण्यापूर्वी रक्तदाब, साखर, हृदय आणि दात तपासून घ्यावेत. धनुर्वाताची लस घ्यावी. नेहमीची औषधे महिनाभराची बरोबर ठेवून पुढची मोठ्या शहरात घ्यावीत. डोंगराळ आणि जंगली पट्ट्यांत हिवतापाचा धोका असल्याने रात्री मच्छरदाणी लावावीच, आणि थंडी वाजून ताप आला तर गोळीवर भागवण्याऐवजी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासावे. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. सर्पदंशात चिरा देणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांतले काहीही करू नये. अवयव हलू न देता रुग्णाला वाहनाने रुग्णालयात न्यावे. उपचारासाठी वाहनात बसल्याने परिक्रमा खंडली असे मानणाऱ्याने बरे झाल्यावर त्याच जागी परत येऊन पुढे चालावे.

स्त्रियांसाठी

एकट्या किंवा दोघी-तिघींनी परिक्रमा करणाऱ्या स्त्रिया आता पुष्कळ आहेत आणि काठावर त्यांना मान मिळतो. तरी मुक्काम कुटुंब राहत असलेल्या घरी किंवा स्त्रियांची स्वतंत्र सोय असलेल्या आश्रमात करावा आणि पुढच्या मुक्कामाची चौकशी दुपारीच करून ठेवावी. शौचालय सर्वत्र नसते. पाळीच्या दिवसांत काही आश्रमांत पूजास्थानापासून दूर राहण्याची प्रथा आहे. ती मान्य नसेल तर ते दिवस शहरातल्या धर्मशाळेत काढणे बरे. वापरलेले पॅड काठावर टाकू नयेत. कापडी पॅड किंवा कप अधिक सोयीचे.

पैसा आणि सांगता

बहुतेक ठिकाणी निवास-भोजन विनामूल्य असते, पण ते कोणाच्या तरी कष्टातून येते. ज्याला शक्य आहे त्याने निघताना अन्नक्षेत्राच्या पेटीत यथाशक्ती रक्कम टाकावी. पैसे घेत नाहीत अशा घरी लाकडे फोडणे, पाणी भरणे, मुलांचा अभ्यास घेणे यांतले काही करावे. थोडी रोख रक्कम पुरते. बडवानी, भरूच, जबलपूर अशा गावांत एटीएम आहेत. दीपदानाला पानांचे द्रोण वापरावेत, थर्मोकोलचे नाहीत.

पूर्ण परिक्रमेआधी आपली कुवत अजमावायची असेल तर चैत्र महिन्यात गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा या भागात होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात करता येते. तिला महाराष्ट्रातून मोठी गर्दी होते.

परिक्रमा जिथून उचलली त्या घाटावर पूर्ण होते. तिथे पुन्हा पूजन, कन्याभोजन आणि कढई करतात आणि बाटलीतले जल ओंकारेश्वराला वाहतात. सुरुवात दुसरीकडून झालेली असली तरी हे जल ओंकारेश्वरीच नेण्याची रीत आहे. घरी परतल्यावर चालणे एकदम बंद करू नये. पहिले दोन आठवडे रोज आठ-दहा किलोमीटर चालून मग हळूहळू कमी करावे, कारण भूक तशीच राहते आणि वजन झपाट्याने वाढते. रक्तातले हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्वे तपासून घ्यावीत. टाचांच्या भेगा आणि काळी पडलेली नखे दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होऊ लागतात. दुखरी टाच तेवढ्यातही बरी झाली नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावी.